घटपर्णीच्या मुळांशी

जमिनीचा कस वाढवणे हीच ज्याच्या हाताची आयुष्यभराची सवय, अशा माणसाकडे घटपर्णीचे रोप आले म्हणजे त्याला आपल्या विद्येतला पहिलाच धडा पुसून टाकावा लागतो. आणि तो पुसणे किती कठीण असते हे मला माझ्या पहिल्या रोपाने प्राण देऊन शिकवले. ऐन उमेदीच्या दिवसांत, पुण्यातल्या घराच्या गच्चीवर, मी ते रोप लाल माती, पालापाचोळ्याचे खत आणि चांगले मुरलेले शेणखत यांच्या मिश्रणात मोठ्या मायेने लावले. पहिले दोन महिने पाने रुंद आणि गर्द हिरवी येत गेली, पाहणारे वाखाणत राहिले. परंतु पानाच्या टोकापासून लोंबणाऱ्या तंतूला घट म्हणून धरेना. तंतूचे टोक मोहरीएवढे फुगे आणि तेवढ्यावरच वाळून जाई. पुढे पानांच्या कडा करपल्या, आणि कुंडी उपडी केली तेव्हा मुळांचा चिखल हाती आला.

या रोपाची कैफियत समजून घ्यायची तर त्याच्या मूळ गावी जावे लागते. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारी नेपेंथिस या घटपर्णीच्या कुळातील एकच जाती, ती म्हणजे मेघालयातील खासियाना. जोसेफ हूकर यांनी 1873 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. खासी लोक तिला राक्षसफूल या अर्थाचे नाव देतात, तर गारो लोक तिला भुताची टोपली म्हणतात. तिच्या डोंगरांवर पाऊस असा कोसळतो की मातीतले नत्र, चुना आणि इतर विद्राव्य क्षार दरसाल धुऊन जातात, आणि मागे उरते ती आम्ल, निकस, परंतु सदैव ओली व मोकळी जमीन. अशा जमिनीत मुळांवर पोटाचा भार टाकणे व्यर्थ, म्हणून ते काम या वनस्पतीने पानांच्या कीटक पचवणाऱ्या घटांकडे सोपवले. मुळांनी तिला उभे धरावे, पाणी पुरवावे आणि श्वास घ्यावा, एवढीच त्यांची नेमणूक राहिली. घटात टाकलेले अंड्याचे पांढरे व मांसाचे तुकडे विरघळतात हे हूकर यांनीच प्रयोगांनी पडताळून 1874 मध्ये बेलफास्ट येथील व्याख्यानात मांडले होते. जिच्या मुळांना अशी अल्प रसद अंगवळणी पडली आहे, तिला शेणखताचे ताट वाढणे म्हणजे तिच्या मुळांवर क्षारांचा मारा करणे होय. घट न धरण्यास कोरडी हवा आणि अपुरा प्रकाश हीही कारणे असतात, हे खरे. परंतु मुळाशी माती चुकली असेल तर त्या दोहोंची कितीही तजवीज केली तरी ती वाया जाते.

हा न्याय आपल्याकडेही पाहायला मिळतो. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावरील बोटभर जाडीच्या निकस थरात दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती पावसाळ्यात दाटीने उगवतात. शेजारच्या खोऱ्यातल्या सुपीक काळ्या रानात त्यांचा मागमूस नसतो. ती काळी माती कापसाला लाभते. चुनखडीने भरलेली, अल्कधर्मी, आणि पाणी पडताच घट्ट मिटणारी ती माती घटपर्णीच्या कुंडीत चिमूटभरही जाता कामा नये.

मग घालावे काय? अनेक वर्षांच्या फेरफारानंतर मी ज्या प्रमाणावर स्थिरावलो ते असे : लांब धाग्याचे वाळलेले स्फॅग्नम शेवाळ दोन भाग, जाड दाण्याचे परलाइट एक भाग आणि नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे एक भाग. या शेवाळाच्या पोकळ मृत पेशी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात आणि तरीही धाग्यांमध्ये हवा खेळती राहते. ओल आणि हवा एकाच जागी नांदवणारा दुसरा पदार्थ मला अद्याप सापडलेला नाही. ते बहुतांशी न्यूझीलंड आणि चिली येथून येते, म्हणून महाग पडते, आणि आपल्या उष्ण हवेत दोनेक वर्षांत कुजून दबते. परलाइट आणि सोडण घालायचे ते हे दबणे लांबावे म्हणूनच. परलाइट आधी ओले करून घ्यावे, कारण त्याची कोरडी धूळ छातीला अपाय करते.

खर्च वाचवण्यासाठी पुष्कळजण काथ्याचा भुसा, ज्याला रोपवाटिकेत सारे कोकोपीट म्हणतात, तो घेतात. माझी त्याला हरकत नाही, मात्र तो धुतल्यावाचून वापरू नये. माड स्वतःच क्षार साठवतो, शिवाय कित्येक ठिकाणी सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवतात. त्यामुळे भुसा बादलीत भिजत घातला की पहिले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे निघते. ते ओतून द्यावे, पुन्हा भरावे, आणि पाण्यातील क्षार मोजणारे लहानसे यंत्र बुडवून आकडा मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. मला यासाठी बहुधा चार दिवस लागतात. नदीची वाळू, विटांचा चुरा, गांडूळखत यांना मी पूर्ण मज्जाव केला आहे.

मिश्रण कालवून झाले की मूठभर उचलून आवळावे : एकदोन थेंब गळले तर ओल बेताची, धार लागली तर परलाइट वाढवावे. कुंडी प्लास्टिकची आणि तळाला पुष्कळ भोके असलेली घ्यावी, कारण मातीच्या कुंडीच्या अंगावर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि उन्हाळ्यात ती मिश्रण लवकर सुकवते. पाणी पावसाचे किंवा तितकेच निर्मळ असावे. दशलक्ष भागांत पन्नासांहून अधिक क्षार असलेले पाणी मी देत नाही, आणि दख्खनच्या विंधणविहिरीचे पाणी हा आकडा बहुधा कितीतरी पटींनी ओलांडते. ते देत राहिल्यास उत्तम मिश्रणही थोड्याच महिन्यांत खारावते, म्हणून जून ते सप्टेंबरात गच्चीवरील पिंपे भरून ठेवण्याचा बंदोबस्त मी कुंडी बदलण्याइतकाच महत्त्वाचा मानतो.

कुंडी बदलण्याचा हंगाम आपल्याकडे मृगाच्या सरींनंतरचा. आश्विनातल्या तापत्या, कोरड्या हवेत मुळे दुखावली तर ती लवकर सावरत नाहीत. या मुळांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ती मुळातच काळी, दोऱ्यासारखी बारीक आणि ठिसूळ असतात. नवखा माणूस तो रंग पाहून मुळे कुजली समजतो आणि कात्री उचलतो. निरोगी काळे मूळ बोटांत ताठ लागते, कुजलेले दाबताच पाणी सोडते. म्हणून निवाडा रंगावरून न करता स्पर्शाने करावा, जुने शेवाळ ओढून न काढता मुळांभोवती गुंतलेले तसेच राहू द्यावे आणि नवे मिश्रण भोवती सैलसर भरून वरून पाणी घालावे. अंगठ्याने दाबण्याचा मोह आवरावा.

गेल्या मृगात मी एक जुनी खासियाना अशीच नव्या कुंडीत हलवली. हे रोप बियांपासून वाढवलेले आहे. रानातून उपटलेली घटपर्णी घेऊ नये, तिला आंतरराष्ट्रीय व्यापारातही कडक संरक्षण आहे. दीड महिना ती निश्चल होती. श्रावणात एक पान आले, भाद्रपदात त्याचा तंतू वाकून टोकाशी फुगू लागला, आणि वसुबारसेच्या पहाटे पाहतो तो बोटभर लांबीच्या मिटलेल्या घटाचे झाकण कडेपासून केसभर सुटले होते. घट उघडण्यापूर्वीच आत पाचक रस तयार असतो; दिव्याच्या उजेडात त्याची पातळी घटाच्या पातळ भिंतीतून बाहेरून दिसत होती. संध्याकाळी झाकण पुरते वर उचलले गेले तेव्हा तांबूस कडेवर एक मुंगी चढलेली होती.