तंजावरची भिंत आणि माझा कॅमेरा

युनिटमधली पोरं हल्ली एकच विचारतात, "सर, निकॉन झेड-६ घेऊ का? सेकंडहँड मिळतोय." २०१८ साली आलेला हा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा. २४.५ मेगापिक्सेल, सेकंदाला १२ फोटो, हे सगळं पत्रकात छापलेलं असतं. मी तंजावरला तो वर्षभर वापरतोय, म्हणून पत्रकाबाहेरचं थोडं सांगतो.

तळावर कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे तो माझ्या भाड्याच्या खोलीत असतो आणि सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर बृहदीश्वराच्या देवळात येतो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ. साठ मीटर उंचीच्या विमानाचा फोटो चांगल्या मोबाइलवरही छान येतो. कॅमेऱ्याची खरी परीक्षा आहे ती आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर, कारण तिथे मराठी आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र तिथे दगडावर कोरून घेतलं. मजकूर बाबूराव चिटणीसांचा, लिपी देवनागरी.

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू. गावाहून इथवरचा प्रवास आता त्यांना झेपणारा नाही. लेखाबद्दल फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग वाचून दाखव की." जुन्या वळणाची अक्षरं मी अडखळत वाचतो. त्यापेक्षा अण्णाच वाचतील असे फोटो पाठवावेत, असं ठरवलं.

इथे कॅमेऱ्याचे तीन गुण कामी आले. पहिला, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन. देवळात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. सावलीतल्या भिंतीसमोर श्वास रोखून उभं राहिलं, की आठांश सेकंदालाही हातातून फोटो स्पष्ट येतो. दगड काही हलत नाही, त्यामुळे आयएसओ ४०० वरच भागतं. आयएसओ वाढवला की दाणे येतात आणि झिजलेला काना त्या दाण्यांत हरवतो.

दुसरा, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. पिक्चर कंट्रोल मोनोक्रोम करून कॉन्ट्रास्ट वाढवायचा. अक्षर उठतंय की नाही, हे बटण दाबायच्या आधीच डोळ्याला दिसतं.

तिसरा, पिक्सेल. फोटो ६०४८ पिक्सेल रुंद असतो. एका फ्रेममध्ये मीटरभर भिंत घेतली, तर मिलिमीटरला सहा पिक्सेल पडतात, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या अक्षराला एकशेवीस. अण्णांनी टॅबवर कितीही मोठं केलं तरी वेलांटी फाटत नाही.

आता उणी बाजू. कार्डाचा स्लॉट एकच, तोही एक्सक्यूडीचा, आणि ते कार्ड महाग. निकॉनने २०२० च्या झेड-६ टू मध्ये दोन स्लॉट दिले. बॅटरीचा अधिकृत आकडा ३१० फोटोंचा आहे, तेव्हा दुसरी खिशात हवीच. २४-७० लेन्स धरून वजन पावणेबाराशे ग्रॅम होतं. तंजावरच्या एप्रिलमध्ये ते दुप्पट वाटतं. एसीतून एकदम बाहेर काढला की दमट हवेने काच धुरकटते, म्हणून पिशवी बंद ठेवून आधी अर्धा तास बाहेर राहू द्यावा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट कॅमेऱ्यात नाहीच. कोरलेलं अक्षर म्हणजे दगडातला खळगा. उजेड समोरून आला, तर खळगा आणि दगड एकसारखेच दिसतात, फ्लॅशने तर सगळं सपाट होतं. उजेड बाजूने, भिंतीला घासून आला की खळग्यात सावली भरते आणि ओळ उभी राहते. त्यासाठी योग्य वेळेची वाट बघत बसावं लागतं. ते आम्हा फौजींना शिकवावं लागत नाही.

म्हणून पोरांना सांगतो, लग्नं आणि सहली टिपायच्या असतील तर मोबाइल पुरे, हप्ते वाचतील. अंधारात, ट्रायपॉडशिवाय, बारीक तपशील हवा असेल तर झेड-६ अजूनही पैसे वसूल करतो.

मागच्या रविवारी चौदा फोटो पाठवले. रात्री अण्णांचा फोन आला. दोन ओळी त्यांनी न अडखळता वाचल्या, तिसरीत थांबले. म्हणाले, "उजवीकडचं अक्षर अर्धं कापलंयस. पुढच्या सुटीत तिथूनच सुरू कर."