प्रवासाचे कारण

सरकारी नोकराला खाजगी कामासाठी परदेशी जावयाचे असले म्हणजे आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात 'प्रवासाचे कारण' असा एक रकाना असतो. दिल्लीला बदलून आल्यापासून इतरांचे असे पुष्कळ अर्ज मी शिफारस करून वर पाठविले आहेत. 'मुलाची भेट', 'मुलीचे बाळंतपण', 'पर्यटन' अशी ठराविक कारणे असतात. त्यांविषयी मला कधी शंका आली नाही. गेल्या वर्षी मी स्वतः त्या रकान्यात 'बहिणीची भेट' असे लिहिले, तेव्हा मात्र वाटले की, खोटे न बोलता खरे लपविण्याची एवढी उत्तम सोय दुसऱ्या कोणत्याच कागदावर नसेल.

बहीण अमेरिकेत आहे हे खरे, आणि तिला भेटावयाचे होते हेही खरे. परंतु ती भेट व्हावयाची होती मेक्सिको देशातील तिहुआना या शहरी, एका इस्पितळात. ताई तेथे आपले जठर कापून लहान करून घेणार होती.

ताईचे वय अठ्ठावन्न, वजन एकशे अठरा किलो. बारा वर्षांचा मधुमेह, आणि जिना चढताना दर पायरीला बोलणारे गुडघे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. पण ती हिशेब लिहिते त्या लहानशा कंपनीच्या आरोग्यविम्यात वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च बसत नव्हता. तिच्या गावी तोच खर्च वीस हजार डॉलरांच्या घरात जात होता. सीमेपलीकडे साडेपाच हजारांत सारे भागत होते, आणि विमानतळावरून नेण्या-आणण्याची मोटारही त्यातच आली. मला या स्वस्ताईचीच धास्ती वाटली. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिहुआनात शस्त्रक्रिया करून परतलेल्या काही रुग्णांना औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाल्याचा इशारा दिला होता, व त्यांतील बहुतेक वजन घटविण्यासाठीच गेलेले होते. मी ते तिला फोनवर वाचून दाखविले.

"वाचलंय मी," ताई म्हणाली. "शस्त्रवैद्याची सगळी कागदपत्रं तपासली. ताळेबंद तपासते तशी. तू फक्त ये."

"मग पुण्याला का येत नाहीस? जगभरचे लोक याच कामासाठी वैद्यकीय व्हिसा काढून आपल्याकडे येतात. खर्चही फार नाही."

"पुण्यात मला बघायला जो येईल त्याच्या हातात डबा असेल," ती म्हणाली, आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, "आणि घरी जाऊन तो सगळ्यांना सांगेल. कुणाला कळता कामा नये रे. पोरालासुद्धा सांगितलं नाहीये."

भावोजी जाऊन चार वर्षे झाली होती. गेलो नसतो तर ती एकटी गेली असती.

(हे लिहिण्यास तिची आता संमती आहे. गावाचे नाव लिहू नये, एवढी एकच अट तिने घातली आहे.)

ज्याच्याजवळ अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्याला मेक्सिकोत जाण्यास निराळा व्हिसा लागत नाही. सान दिएगोच्या विमानतळावरून अर्ध्या तासात आम्ही सीमेवर पोचलो, आणि जाताना कोणी फारसे विचारलेही नाही. तिहुआना हे शहर अमेरिकेच्या निषिद्ध इच्छांवर वाढलेले आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकन लोक येथे पिण्यासाठी येत. १९२८ साली त्यांच्यासाठी अगुआ कालिएन्ते नावाचे भव्य द्यूतगृह उघडले, आणि १९३५ साली जुगारावर बंदी आल्यावर ते बंद पडले. सीझर सॅलड नावाचे जे पान आज मोठमोठ्या हॉटेलांत मिळते, त्याचा जन्मही याच गावच्या एका खानावळीत झाला असे सांगतात. आजे-पणजे ज्या रस्त्याने पोट भरण्यास आले, त्याच रस्त्याने नातवंडे पोट कमी करून घेण्यास येत आहेत.

इस्पितळ स्वच्छ होते. सकाळपासून एकामागून एक रुग्ण आत जात होते, व या संख्येत स्वस्ताईचे निम्मे रहस्य होते. उरलेले कमी पगारात आणि विमा कंपनीची मध्यस्थी नसलेल्या रोख व्यवहारात. प्रतीक्षागृहात ताईच्या शेजारी टेक्ससची एक बाई होती; ती कचेरीत चुलत बहिणीच्या लग्नाला जाते असे सांगून आली होती. कॅनडातील एका शिक्षिकेला तिच्या देशात ही शस्त्रक्रिया फुकट मिळाली असती, पण रांग काही वर्षांची होती. तिने शाळेत 'समुद्रकिनारी विश्रांती' असे कळविले होते. मी मनातल्या मनात त्या सर्वांचे अर्ज वर पाठविले.

शस्त्रवैद्याने कागदावर आकृती काढून समजाविले. पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकावयाचा. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. परंतु केवळ जागा कमी होते एवढेच नव्हे. १९९९ साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक शोधून काढले; मेंदूला भुकेची वर्दी देणारे ते हेच. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि नेमका तोच भाग येथे कापला जातो. काही माणसांना ही वर्दी इतरांपेक्षा अधिक छळते, वजन घटवू लागले की ती आणखी वाढते, आणि मग निग्रह पुरत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती एक साधी माहिती होती.

ताईला आत नेल्यावर तासभर मी त्या आकृतीकडे पाहत बसलो.

आमच्या घरी पुरुषांची आणि मुलांची पंगत आधी बसे. आई वाढी, ताई पोळ्या लाटी, आणि सर्वांच्या मागून आईबरोबर जेवायला बसे. अन्न टाकू नये हा घरचा कडक नियम होता. माझ्या पानात उरलेली अर्धी पोळी, बाबांनी सोडलेला भात, पातेल्याच्या तळाची खरवड, हे सारे संपविण्याचे काम कोणी न सांगता तिच्याकडे आले होते. ती संपवी, आणि नंतर आम्हीच तिच्या अंगाकडे पाहून हसत असू. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिनेच मला शिकविली होती. पुढे ती जिन्यावरून उतरू लागली की त्या गोष्टीतले गाणे मी मोठ्याने म्हणे. एकदा तिला पाहावयास मंडळी आली होती, तेव्हाही म्हटले. मी नऊ वर्षांचा होतो. मंडळी हसली. ताई पोह्यांच्या बश्या घेऊन तशीच आत वळली. ते स्थळ जमले नाही, आणि कारण कोणी मला सांगितले नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. संध्याकाळी तिला व्हरांड्यातून चालविले. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालणे आवश्यक असते. माझ्या दंडाचा आधार घेऊन ती पाऊल टाकीत होती. मी म्हणालो, "ताई, ते गाणं मी म्हणायचो ना..."

"कुठलं?" ती म्हणाली, पण तिने विचारले त्यावरून तिला ते पक्के आठवत होते हे मला कळले. दहा-बारा पावले गेल्यावर म्हणाली, "लहान होतास तू." तिने मला माफ केले, की विषय संपविला, हे मी अजून सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी परत निघालो. सान इसिद्रोचे ते नाके पश्चिम गोलार्धातील सर्वांत गजबजलेले म्हणतात. रुग्णांच्या मोटारींना निराळी रांग असूनही आम्ही तासभर खोळंबलो. मोटारींमधून फेरीवाले हिंडत होते. एकाजवळ चुरो होते. कडबोळे सरळ करून तळावे आणि साखर-दालचिनीत घोळावे तसा पदार्थ. ताईने काच खाली करून एक पिशवी घेतली आणि माझ्या हातात दिली. तिला स्वतःला अजून दोन-दोन घोट पाण्यापलीकडे काही चालत नव्हते.

"खा. मला बघू दे."

मी दोन खाल्ले, तिसरा अर्धा. पुढे जाईना. उरलेला तुकडा कुठे ठेवावा ते मला कळेना; माझा हात जुन्या सवयीने तिच्याकडे वळला, आणि मध्येच थांबला. तिने तो तुकडा घेतला, पिशवीत घातला आणि पिशवीचे तोंड दुमडून मांडीवर ठेवली.

खिडकीशी आलेल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळले व मेक्सिकोत कशासाठी गेला होतात असे विचारले. 'पर्यटन' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. ताई पुढे वाकली आणि आवाज न उतरविता म्हणाली, "शस्त्रक्रियेसाठी. वजन कमी करायला."

"बरोबर काही खाद्यपदार्थ?"

तिने पिशवी उचलून दाखविली. "हे माझ्या भावाचं उरलेलं."

अधिकाऱ्याने पिशवीत डोकावून पाहिले आणि गाडी पुढे काढण्याची खूण केली.