पुन्हा सुरू केलेली गोळी

कोलेस्टेरॉल म्हणजे औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा, असं मी वर्षानुवर्षं येईल त्याला ऐकवत होतो. अँजिओप्लास्टीनंतर मिळालेली रोझुवास्टॅटिनची गोळी पोटऱ्या दुखतात म्हणून परस्पर बंदही केली होती. त्यातच अक्का, माझी थोरली बहीण, अॅटोर्वास्टॅटिन घेत असताना आजारी पडली. काळजी वाटलीच, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी समाधानही वाटलं. पुरावा आता घरातच होता.

आज मी तीच गोळी रोज रात्री घेतो, आणि मत फिरलं ते अक्काच्याच आजारामुळे.

अक्काचं दुखत असं काही नव्हतं. तिची ताकद जात होती. भाजी निवडून झाली की आधी ओणवी व्हायची, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, अशी स्वतःच्याच अंगाचा आधार घेत उभी राहायची. अंबाडा घालायला हात डोक्यापर्यंत जाईनात. रक्तात एसजीपीटी वाढलेलं निघालं, म्हणून लिव्हरचं औषध सुरू झालं. हा आकडा स्नायू मरत असले तरी वाढतो, हे ध्यानात यायला वेळ गेला. मग स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके तपासलं, तर ते काही हजारांत. गोळी बंद केली. आता उतरेल म्हणून सगळे वाट बघत बसलो. उतरलं नाही.

या गोष्टीचा उलगडा २०११ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अँड्र्यू मॅमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवून कोलेस्टेरॉल कमी करतं, त्या एचएमजी-सीओए रिडक्टेजविरुद्धच काही मोजक्या माणसांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. मेलेल्या स्नायूच्या जागी जे नवे तंतू येतात, त्यांत हे एन्झाइम भरपूर असतं. म्हणजे डागडुजी जितकी जोरात, तितकं हल्ल्याला खाद्य जास्त. गोळी थांबली तरी आजार का थांबत नाही, याचं हेच स्पष्टीकरण दिलं जातं.

पण असं होतं किती जणांना? स्टॅटिन घेणाऱ्या लाखात दोन-तीन जणांना. माझ्या पोटऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला मांडी घालून बसता येत होतं, उठता येत होतं, जिना चढता येत होता. त्याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० सालचा प्रयोग वाचनात आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के पोकळ गोळीनेही झाला. वाचून चिडलोच. ती माणसं काही सोंग करत नव्हती. माझ्याही पोटऱ्या खरोखरच दुखत होत्या, फक्त आळ गोळीवर जात होता.

माझा दुसरा हुकमी मुद्दा म्हणजे ‘त्यापेक्षा नैसर्गिक काहीतरी घ्या’. भाच्याने अक्कासाठी रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल आणल्या, तेव्हा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी त्या हातातूनच काढून घेतल्या. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच! पहिलं स्टॅटिनही टोकियोत अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडलं होतं. याहून नैसर्गिक काय असणार?

एका बाबतीत मात्र मी जागचा हललेलो नाही. अंग दुखतं म्हणणारा आणि उठता येत नाही म्हणणारा, दोघांना एकाच ‘वय झालं आता’मध्ये गुंडाळणाऱ्या डॉक्टरांवरचा माझा राग कायम आहे. अक्काने ते वाक्य दोन ठिकाणी ऐकलं.

स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट आणि खिसा रिकामा करणारं आयव्हीआयजी घेऊन ती आता कठडा धरून जिना चढते. स्टॅटिन तिला जन्मात घ्यायचं नाही. कोलेस्टेरॉलसाठी वेगळ्या जातीचं इंजेक्शन आहे. निदानाला उशीर झाला त्याचं आणखी एक कारण होतं. मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायूदाहाच्या, तपासण्यांच्या पॅनेलमध्ये एचएमजी-सीओए रिडक्टेजविरुद्धची ही प्रतिपिंडं असतीलच असं नाही, आणि तिचा पहिला रिपोर्ट त्यामुळेच निगेटिव्ह आला होता. चिठ्ठीवर ‘अँटी-एचएमजीसीआर’ असं वेगळं लिहून घेतलं, तेव्हा कुठे आजार कागदावर आला.