आपला हात आणि आपली पाठ

स्वतःचे शरीर आपल्याला जितके परिचयाचे वाटते तितके ते परिचयाचे असतेच असे नाही. जन्मभर ज्या घरात राहिलो त्या घराची एक अख्खी भिंत आपण कधी पाहिलीच नाही, असे कोणी म्हणाला तर आपण त्याला हसू. परंतु आपल्या पाठीच्या बाबतीत आपणां सर्वांची स्थिती नेमकी हीच आहे. ती दिसते ती इतरांना; आपल्याला तिची ओळख ती दुखू लागली किंवा खाजू लागली म्हणजेच होते.

हा विचार मनात येण्यास एक ब्रश कारणीभूत झाला. माझी भाची गेल्या वर्षी कॅनडाहून बडोद्यास आली, तेव्हा तिने माझ्या वडिलांसाठी लांब दांड्याचा, ताठ केसांचा एक ब्रश आणला. दातांचा नव्हे, कपड्यांचाही नव्हे, अंग घासण्याचा. स्नानापूर्वी, अंग कोरडे असतानाच, पावलांपासून वर हृदयाच्या दिशेने तो फिरवायचा, असा त्याचा विधी. आजकाल पाश्चात्य देशांत ज्याला ‘स्वतःची काळजी’ म्हणतात त्या आचारात या कोरड्या घर्षणाला मोठे मानाचे स्थान आहे. सोबतच्या कागदावर लाभांची यादी होती : शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, लसिका वेगाने वाहू लागते, मांड्यांवरची चरबी वितळते, त्वचा तेजस्वी होते.

माझा व्यवसाय वकिलीचा. येथील न्यायमंदिराच्या जुन्या वास्तूत मी व्यवसायाचे पहिले धडे घेतले. २०१८ साली न्यायालय तेथून दिवाळीपुऱ्यातील नव्या इमारतीत गेले, पण एक धडा मात्र माझ्याबरोबर आला : जो साक्षीदार विचारल्यापेक्षा अधिक सांगतो, त्याची उलटतपासणी सावकाश घ्यावी. तशी ती या कागदाची घेतली. शरीरातील टाकाऊ द्रव्ये निस्तरण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. त्वचेवर ब्रश फिरवल्याने त्यांचा भार हलका होतो, याला विश्वसनीय पुरावा नाही. लसिकेला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही हे खरे. पण ती पुढे सरकते ती लसिकावाहिन्यांच्या आकुंचनाने, स्नायूंच्या हालचालीने आणि श्वासोच्छ्वासाने. चांगले अर्धा तास चालून आले तर तिची सोय आपोआप होते. चरबी वितळण्याची गोष्ट तर निव्वळ ऐकीव.

मग उरले काय? उरले ते थोडे आहे, पण खरे आहे. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत असतो. त्यातील मृत पेशी घर्षणाने निघून जातात आणि अंग मऊ लागते. रक्त क्षणभर त्वचेपाशी धावून येते आणि ऊब वाटते. शिवाय आपल्या लव असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत, की ते संथ, हळुवार स्पर्शालाच ओळख देतात. सेकंदाला काही थोडे सेंटिमीटर इतक्या सावकाश गतीने हात फिरला तर ते सुखाचा निरोप मेंदूकडे पोचवतात. अर्थात, अंग चोळल्याने बरे वाटते ही साक्ष खोटी नव्हे. मात्र जखम, इसब किंवा सुजलेली त्वचा यांवर ब्रश चालवू नये, आणि धसमुसळेपणाने तर कोठेच नाही. भांडे घासणे निराळे आणि अंग घासणे निराळे.

ही गोष्ट नवी म्हणून आपल्याकडे आली, याची मात्र थोडी गंमत वाटते. सुश्रुताने चिकित्सास्थानात, पुढे येऊ शकणाऱ्या पीडा आधीच टाळण्याचे उपाय सांगताना, उद्वर्तन, उत्सादन आणि उद्घर्षण असे अंग चोळण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. खाज जावी म्हणून विटेने घासण्याचाही त्यात उल्लेख आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येत अभ्यंग आणि व्यायाम यांच्यानंतर उद्वर्तन घातले. त्याने कफ हटतो, मेद विरतो, अवयव स्थिर होतात आणि त्वचा प्रसन्न होते, असे तो म्हणतो. मेद विरण्याविषयी जी शंका मी परदेशी कागदापुढे उपस्थित केली तीच येथेही केली पाहिजे. साक्षीदार आपल्या गावचा आहे म्हणून त्याला सूट देता येत नाही. आणि वैद्यपरंपरेत उद्वर्तन लवेच्या उलट दिशेने करतात. पावलांकडून वर जाणारा तो ब्रश हातापायांवर जवळजवळ त्याच वाटेने जातो.

ग्रंथ राहू द्या. आपल्या न्हाणीघरात काय नव्हते? टाचांसाठी वज्री होती. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी होती. आमच्या बडोद्यात त्यालाच गलकुं म्हणतात, आणि भाजीचे गलकुं वेलावर विसरले गेले की त्याची घासणी होते. डाळीचे पीठ होते, मसुराचे पीठ होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल आणि उटणे होते. कोकणात आणि गोव्यात त्याच दिवशी पायाखाली कारीट फुटते. गुजराती शेजाऱ्यांच्या घरी लग्नाआधी वधूवरांना पीठी चोळतात, आपल्याकडे हळद लावतात. रोमन लोक तेल लावून धातूच्या वाकड्या पट्टीने अंग खरवडीत, तुर्की हमामात खरखरीत कापडाची पिशवी हातात घालून अंग घासतात. मनुष्य जेथे जेथे स्नान करू लागला, तेथे तेथे तो अंग चोळू लागला असे दिसते.

आमचे गाव तर या बाबतीत विशेष नशीबवान. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्रोफेसर माणिकरावांनी येथे वाढवली. व्यायामाचे ज्ञान दहा खंडांत गोळा करणारा द. चिं. मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात याच गावातून निघाला. आखाड्यात मेहनत झाली की मालीश आलीच. ती कोण करी? एक जोडीदार दुसऱ्याची. ज्याला थोड्या वेळापूर्वी मातीत लोळवले त्याच्याच पाठीवर तेल जिरवायचे, आणि मग आपली पाठ त्याच्यापुढे करायची.

या सर्व प्रकारांत आणि त्या ब्रशात जो भेद आहे तो येथे ध्यानात आला. तो केसांचा किंवा तेलाचा नव्हे, दांड्याचा आहे. उटणे लावणारी आई होती, हळद लावणाऱ्या सुवासिनी होत्या, मालीश करणारा जोडीदार होता, हमामात अंग चोळणारा माणूस होता. त्यांपैकी कोणालाही लांब दांड्याची गरज पडली नाही. पाठ चोळायला दुसरा हात नसतो, तेव्हा दांडा लांब होतो.

माझ्या वडिलांना, आप्पांना, तो ब्रश फार आवडला. वय ब्याऐंशी, मधुमेह वीस वर्षांचा, आणि कोणाच्याही मदतीविना स्नान करण्याचा त्यांना अभिमान. आई गेल्यापासून तर तो अभिमान अधिकच ताठ झाला आहे. “आपला हात जगन्नाथ,” असे म्हणून ते रोज सकाळी ब्रश घेऊन आत जात. त्यांच्या त्या स्वावलंबनाकडे मी आदरानेच पाहत आलो.

नरकचतुर्दशीला मात्र घरात एक रीत आजही चालते : वडील माणसाला तेल मुलाने लावायचे. त्या पहाटे आप्पा पाटावर बसले. मी डोक्याला तेल लावले, कानांना लावले, आणि मग पाय मांडीवर घेतले. उजव्या टाचेखाली बोटांना काही ओलसर लागले. दिवा जवळ आणून पाहिले तो रुपयाच्या नाण्याएवढी जखम. चपलेच्या तळातून वर आलेला एक बारीक खिळा कित्येक दिवस तेथे टोचत होता, आणि आप्पांना त्याची वार्ताही नव्हती. “दुखत नाही रे,” ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही हेच तर दुखणे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना बधिर होऊ शकते. म्हणून अशा माणसाचे तळपाय रोज कोणीतरी पाहिले पाहिजेत. जखम भरायला दोन महिने लागले. आणखी काही दिवस ती तशीच राहिली असती तर पाऊल वाचवणे कठीण झाले असते, असे त्यांनी सांगितले.

अभ्यंग मस्तक, कान आणि पाय यांना विशेषेकरून करावा, असे वाग्भट सांगतो. मस्तकाचे आणि कानांचे कारण वैद्यांनी सांगावे. पायांचे एक कारण मला त्या पहाटे समजले : तळपाय हाही पाठीसारखाच, आपला असून आपल्याला न दिसणारा भाग आहे.

वाचकहो, त्या ब्रशाविषयी माझी तक्रार नाही. सकाळी पाच मिनिटे स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणारा मनुष्य न देणाऱ्यापेक्षा शहाणाच. परंतु ‘स्वतःची काळजी’ या शब्दांतील ‘स्वतः’ला एक सीमा आहे. ती कोठे आहे हे पाहायचे असेल तर आपला हात आपल्या पाठीवर मधोमध टेकवण्याचा प्रयत्न करून पाहावा. जेथे तो पोचत नाही तेथून पुढचे काम दुसऱ्या कोणाचे आहे. आणि त्याचप्रमाणे दुसऱ्या कोणाचे तरी तेवढे काम आपल्याकडे आहे. कायद्याच्या भाषेत अशा परस्पर देण्याघेण्याला करार म्हणतात. हा करार कोणी लिहून ठेवत नाही, आणि तो मोडला तरी दावा लावता येत नाही.

आप्पांनी प्रथम कुरकुर केली. आता रोज रात्री जेवणे झाली की ते पाय पुढे करतात आणि खिडकीबाहेर पाहत राहतात, जणू ते पाय कोणा दुसऱ्याचे आहेत. मी तळवे पाहतो, बोटांच्या बेचक्या पाहतो, थोडे तेल जिरवतो. आमच्यात फारसे बोलणे होत नाही. पूर्वीही होत नसे. सकाळी ते आपला ब्रश घेऊन न्हाणीघरात जातात, आणि पाठीचा मधला भाग राहिला म्हणजे दाराआडून हाक मारतात.