नसलेल्या किल्ल्यात एक रविवार

रोज सकाळी सीएसएमटीला उतरायचं, लेट मार्कच्या धास्तीने घड्याळ बघायचं आणि गर्दीतून वाट काढत सुसाट सुटायचं. फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्यांना फोर्ट पाठ असतो, पण तो कमरेपर्यंतच! फुटपाथ, सिग्नल, वडापावची गाडी, ऑफिसचं गेट. त्याच्या वर काय आहे, हे बघायला मान वर करावी लागते आणि वीकडेजना तेवढी फुरसत कोणाला?

म्हणूनच एखादा रविवार यासाठी काढा. सकाळी सातला निघा. रस्ते रिकामे असतात, ऊन कोवळं असतं. सीएसएमटी ते चर्चगेट, आडवळणं धरून साधारण साडेतीन किलोमीटर. आरामात बघत गेलात तर अडीच-तीन तास. सोबत पाण्याची बाटली आणि पायात चांगले शूज, बस्स.

निघण्याआधी एक गंमत. ज्याच्या नावाने हा सगळा भाग ओळखला जातो तो किल्ला जागेवर नाहीच. चर्च गेट, अपोलो गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे असलेली तटबंदी १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पाडली गेली. कापसाच्या व्यापाराने श्रीमंत झालेलं शहर भिंतीत मावेना. आज आपण ज्यांना हेरिटेज म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा इमारती या पाडापाडीतून मोकळ्या झालेल्या जागेवर उभ्या आहेत. म्हणजे जुनं पाडून नवं बांधायची मुंबईची सवय आजकालची नाही!

सुरुवात स्टेशनपासूनच करा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत १८८७ साली व्हिक्टोरिया टर्मिनस नावाने सुरू झाली आणि २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: एक ब्रिटनचा, एक आपला. भिंतींवरची पानं-फुलं, माकडं, पक्षी घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ची.

आता डी. एन. रोडच्या कमानींखालून सरळ हुतात्मा चौकात या. जुन्या चर्च गेटच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन आलं. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. शंभराहून अधिक माणसांनी या लढ्यात जीव दिला, तेव्हा कुठे १९६०मध्ये मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. त्यांचं स्मारक कारंज्याला लागूनच आहे. सिग्नल सुटायची वाट बघताना एकदा तिकडे बघायला हवं.

इथून डावीकडे हॉर्निमन सर्कलच्या दिशेने वळा. वाटेत सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं, १७१८चं. चर्चगेटमधलं चर्च ते हेच! पुढे वर्तुळाकार बाग आणि तिच्यापलीकडे एशियाटिकचा टाउन हॉल, १८३३चा. त्याच्या पायऱ्यांवर जरा टेका. स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेणाऱ्या बी. जी. हॉर्निमन या इंग्रज संपादकाचं नाव या चौकाला मिळालं. आणि १८५०च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. दलाल स्ट्रीटची पाळंमुळं अशी खरोखरीच झाडाखाली आहेत.

इथून शहीद भगतसिंग रोडने लायन गेटपर्यंत आणि उजवीकडे वळून रॅम्पार्ट रोने काळा घोडा. रॅम्पार्ट म्हणजे तटबंदी. भिंत गेली, नाव राहिलं. इथल्या एस्प्लनेड मॅन्शनसमोर मात्र जरा जास्त वेळ थांबा. हे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आला होता. ७ जुलै १८९६ला इथेच ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं एक रुपया तिकिटात दाखवली गेली. सिनेमावेड्या या देशातला तो पहिला शो! पुढे हॉटेल बंद पडलं, आत वकिलांची ऑफिसं, दुकानं, बिऱ्हाडं आली. २००५मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९मध्ये ती रिकामी करावी लागली. समोरच्या ऱ्हिदम हाउसनेही २०१६मध्ये शटर ओढलं.

एकाच वयाच्या दोन इमारतींचं नशीब इतकं वेगळं का? याचं उत्तर शेवटच्या टप्प्यावर मिळतं. युनिव्हर्सिटीला वळसा घालून ओव्हल मैदानात या आणि मधोमध उभे राहा. पूर्वेला १८७०च्या दशकातलं गॉथिक: हायकोर्ट आणि २८० फुटी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि टॉवरला आईचं नाव मिळालं. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाकार बाल्कन्यांच्या. हा सगळा नजारा २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्यामागे आसपासच्या रहिवाशांच्या संघटनांचा आणि वास्तुतज्ज्ञांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. म्हणजे इमारती दगडाच्या जोरावर टिकत नाहीत. कोणीतरी रोज बघतं, पडलेला तडा कोणाच्या तरी नजरेत येतो, कोणीतरी अर्ज करतं, म्हणून त्या टिकतात.

आणि फोर्टमध्ये रोज येतं कोण? टुरिस्ट एकदा येऊन फोटो काढून जातो. लाखोंनी येतो तो तुम्ही-आम्ही, बॅग सांभाळत, मान खाली घालून.

चर्चगेटहून घरी जाण्याआधी एखादा इराणी उघडा दिसला तर ब्रून मस्का आणि चहा घ्याच. आणि सोमवारी ऑफिसला जाताना, दोनच मिनिटं का होईना, वर बघा.