माले : ताटात मासा आपला, रोटी परक्याची

माले हे मालदीवच्या राजधानीचे बेट दीड-दोन तासांत पायी फिरून होते. प्रवाळी दगडांनी बांधलेली जुनी जुमा मस्जिद पाहून आम्ही उत्तरेच्या धक्क्याकडे गेलो. मासळी बाजारात ताज्या टूना माशांच्या रांगा लागल्या होत्या. जवळच्या भाजीबाजारात नारळ, केळी, नीरफणस होते आणि त्यांच्या बाजूला कांद्या-बटाट्यांची पोती.

इथला रोजचा नाश्ता म्हणजे ‘मस हुनी’. टूना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची एकत्र कालवून चपातीसारख्या ‘रोशी’बरोबर खातात. आम्हाला तो फार आवडला. पण त्यातला मासा आणि नारळ तेवढे घरचे. रोशीचे पीठ आणि कांदा जहाजातून आलेला. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात जमीन थोडी आणि रेताड. तांदूळ, गहू, साखर, डाळ सारे बाहेरूनच येते.

विजेचेही तसेच. ती मुख्यतः आयात डिझेलवर तयार होते आणि मालेचे पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळते. म्हणजे तेल अडले की दिवे, बर्फ आणि पाणी, सगळेच अडणार. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि चहूकडे समुद्र असलेल्या शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमाने आणि जहाजे भरून पाणी पाठवले.

वयस्कर माणसांकडून ऐकलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी इथे अजून सांगितल्या जातात. त्या काळी जहाजे थांबली, तांदूळ येईना आणि बेटांवर उपासमार झाली.

१९८१ च्या करारानुसार भारत दरवर्षी ठरावीक धान्य, कांदा, अंडी मालदीवला देतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे कांदा निर्यातबंदी आली. तरीही २०२४-२५ साठी मालदीवला सुमारे ३५ हजार ७०० टन कांदा मंजूर झाला. महाराष्ट्र हे देशातले सर्वांत मोठे कांदा उत्पादक राज्य. नाशिकच्या बाजार समितीत भावावरून जो गोंधळ होतो, त्याची झळ समुद्रापलीकडच्या चुलीपर्यंत पोहोचू शकते, हे आम्हाला इथे येऊन उमगले.

आता काही बेटांवर सौरऊर्जा आणि भाजीपाल्याची शेती वाढते आहे. ती वाढायलाच हवी. शेजारी कितीही भला असला, तरी घरात चार दिवसांचे पीठ आणि पाणी असलेले बरे.