मशीन बसवण्याआधी

सॉफ्टवेअर बसवायला एक दुपार पुरते. ते बसेल अशी जागा तयार करायला तीन दिवस जातात. या तीन दिवसांत पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नसतं. त्यामुळे आमच्या धंद्यातली सगळी भांडणं याच तीन दिवसांत होतात.

आम्ही तिघे मिरजेचे. छोट्या-मोठ्या संस्थांचे सर्व्हर उभे करून द्यायचे, हा आमचा पोटापाण्याचा उद्योग. २०२३ च्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका पतसंस्थेचं काम आलं. अकरा शाखा, जुना फॉक्सप्रोचा कारभार, आणि आता ओरॅकलवर चालणारं नवं बँकिंग सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलेलं. सॉफ्टवेअर पुण्याच्या मंडळींचं. यंत्र आणि त्याची तयारी आमच्याकडे.

पहिला प्रश्न सर्व्हर ठेवायचा कुठं, हा. संस्थेनं तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवली होती. एसी बसवलेला, दाराला काच. आम्ही खोलीत गेलो आणि भिंतीकडं बघत राहिलो. सांगलीत पूर म्हटलं की लोक सालाचं नाव घेतात, २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रंग नवा असला तरी त्याखाली ओलीचा पट्टा छातीएवढ्या उंचीवर अजून फुगलेला दिसत होता. आम्ही म्हटलं, मशीन वर जाईल. वरच्या मजल्यावर चेअरमनसाहेबांची केबिन. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘म्हंजे मी खाली आणि मशीन वर?’’ आम्ही होय म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचं टेबल खाली आलं. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी या माणसाबद्दल आमच्या मनात आदर आहे. खुर्ची सोडणारा चेअरमन आम्ही फार पाहिलेला नाही.

मग वीज. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजायचं. ते दोन व्होल्टच्या आत असावं असा आमच्यातला रिवाज. तिथं नऊ निघालं. वायरमन म्हणाला, ‘‘आजपर्यंत पंखे चाललेत की.’’ पंख्याचं काही अडत नाही, ते खरंच आहे. परसात नवा खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, असा तो दिवस गेला. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. दोन्हीच्या वायरी एकाच यूपीएसला लावल्या तर दुसरा असून नसल्यासारखाच. म्हणून दोन वेगळे यूपीएस, दोन वेगळ्या एमसीबी. खोलीचं तापमान १८ ते २७ अंशांच्या मध्ये राहावं, एवढं पाहिलं.

यंत्र खरेदी करताना आम्ही आबांचे थोडे पैसे वाचवले होते. या संस्थेला ओरॅकलची स्टँडर्ड आवृत्ती पुरेशी होती. तिला दोनच सॉकेटची मुभा, आणि एक डेटाबेस एका वेळी १६ च थ्रेड वापरतो. मग बत्तीस कोअरचा प्रोसेसर घेऊन काय त्याची पूजा करायची? कमी कोअरचा, पण वेगवान घ्या म्हटलं, आणि उरलेल्या पैशांत मेमरी ६४ जीबी केली. डिस्का सहा. दोन एकमेकींची नक्कल करणाऱ्या, त्यांच्यावर लिनक्स. चार रेड-दहामध्ये, त्यांच्यावर हिशेब. जागा जास्त मिळते म्हणून बरेच जण रेड-पाच करतात. पण त्यात प्रत्येक लहान लिखाणामागे जुना डेटा आणि पॅरिटी वाचून दोन्ही परत लिहावं लागतं. पतसंस्थेत सकाळी दहा वाजता पिग्मीवाल्यांची रांग लागते, तेव्हा हा फरक कळतो.

दुसऱ्या दिवशी लिनक्स चढवलं. आता खरी तयारी. ओरॅकलसाठी स्वतंत्र वापरकर्ता करायचा, त्याचे गट करायचे, ‘ओइन्स्टॉल’, ‘डीबीए’ आणि बाकीचे. सॉफ्टवेअर कुठं राहील, हिशेब कुठं, बॅकअप कुठं, यांचे कप्पे वेगळे. मेमरी सोळा जीबीच्या वर असेल तर स्वॅपही सोळाच जीबी ठेवायचा, असं ओरॅकलच्या पुस्तकात आहे. उघड्या फायलींची मर्यादा ६८,१५,७४४. हा आकडा आम्हाला आता फोन नंबरासारखा पाठ झालाय. हे सगळं एका हुकमात करून टाकणारं तयार पॅकेजही मिळतं, आणि आम्ही ते वापरतो. पण नंतर एकेक आकडा वाचून बघतो. एक जण वाचतो, दुसरा कागदावर खूण करतो. तिसरा चहा आणतो, त्याचंही काम तेवढंच महत्त्वाचं.

मेमरीचं गणित जरा समजावून सांगण्यासारखं आहे. लिनक्स मेमरीची पानं पाडतो, चार-चार केबीची. डेटाबेसला आम्ही २४ जीबी देणार होतो, म्हणजे ६२,९१,४५६ पानं. एवढ्या पानांची अनुक्रमणिका सांभाळण्यातच यंत्र दमतं. म्हणून दोन एमबीची मोठी पानं आधीच बाजूला काढून ठेवायची. मग १२,२८८ पुरतात, वर थोडी जास्तीची. आणि ऐनवेळी आपणहून मोठी पानं जुळवत बसायची जी लिनक्सची सवय आहे, ती बंद करायची. ते जुळवणं नेमकं गर्दीच्या वेळी चालू होतं आणि सगळे थांबतात. कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले चाचा हे ऐकत होते. संस्थेचे जुने हेड क्लार्क, निवृत्त, पण रोज येतात. ते म्हणाले, ‘‘खतावणी बड्या पानांची असावी, हे आम्ही १९७८ सालीच सांगितलं होतं.’’

वेळ लावताना आम्ही जपतो. सर्व्हर भारतीय वेळेवर नसेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ३१ मार्चचं काम लांबलं, आणि रात्री साडेबारानंतर कुणी नोंद केली, तर यंत्र तिला मागच्या वर्षात टाकतं. मग ऑडिटर येतो. यंत्राचं नावही आधीच पक्कं करावं लागतं. एकदा डेटाबेस त्या नावावर उभा राहिला की नाव बदलणं म्हणजे घर पाडून उंबरा सरळ करणं. स्टाफनं नावं सुचवली, लक्ष्मी, कुबेर, एकानं तर आबांचंच सुचवलं. शेवटी ‘वारणा’ ठरलं. कृष्णा नको म्हणाले सगळे, पाण्याची आठवण नको.

आम्ही बसवलेलं लिनक्स आठव्या आवृत्तीचं. ओरॅकलचा मूळ इन्स्टॉलर २०१९ सालचा, त्याच्या यादीत आठवी आवृत्ती नाही. यंत्रात सगळं जागच्या जागी असतं, तरी तो दारातच अडवतो. मग त्याला एक ओळ लिहून सांगावं लागतं, की बाबा, हे सातवंच आहे असं समज. ओरॅकलवालेच हे लिहून देतात. आत गेल्यावर पुढचा पॅच चढवला की तो आठव्याला ओळखू लागतो. कागद जुना, माणूस नवा, आणि दारावरचा शिपाई फक्त कागद वाचणारा. सरकारी कचेऱ्यांत वाढलेल्या आम्हा लोकांना यात नवल वाटलं नाही.

अडलं ते तिसऱ्या दिवशी, आणि ते लोखंडावर नाही, नावावर अडलं.

डेटाबेस बनवताना त्याची लिपी आधी सांगावी लागते. आम्ही युनिकोड म्हटलं, त्याला कुणाची हरकत नव्हती. ओरॅकलही आता न सांगता तेच धरतो. नंतर बदलायचं म्हटलं तर सगळं उपसावं लागतं, म्हणून ते आधीच झालेलं बरं. पण पुण्याहून आलेल्या तक्त्यांत सभासदाच्या मराठी नावाचा रकाना ‘३०’ असा होता. तीस म्हणजे तीस अक्षरं नव्हेत, तीस बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत मूळ अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायचा हलंत, प्रत्येकाला तीन-तीन. म्हणजे रकाना झाला दहाचा. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. ‘ज्ञानेश्वर’ची मोजणी दहा येते, तीस बाइट, काठोकाठ बसतो. ‘लक्ष्मीबाई’ही दहा. ‘अब्दुलरहमान’ अकरा, तेहेतीस बाइट. तो बाहेर. यात कुणाचा डाव नाही, ज्ञानेश्वरला ‘राव’ लावला की तोही बाहेरच. पण रकाना ज्यानं आखला त्यानं तो इंग्रजी डोळ्यानं आखला होता, हे मात्र खरं.

पुण्याच्या मुलाला फोन लावला. तो सभ्यपणे म्हणाला, ‘‘सर, मुख्य नाव इंग्रजीतच असतं. मराठी फक्त पासबुकावर छापायला. आणि रकाना नंतर कधीही वाढवता येतो.’’

त्याचं बरोबर होतं. ओरॅकलमध्ये रकाना एका ओळीत वाढतो. पण तोवर काय होतं, ते आम्हाला चाचांनी दाखवलं. त्यांनी कपाटातून जुन्या फॉक्सप्रोची सभासद यादी काढली, लांब कागदावर छापलेली. फॉक्सप्रो न मावणारं नाव तोडून ठेवायचा, न विचारता. पानोपानी अर्धी नावं. काही कारकुनांनी आपल्या अकलेनं आखडलेली, ‘अ. रहमान’, ‘म. हनीफ’, ‘ज्ञा. मारुती’. नवा ओरॅकल तोडत नाही, तो चूक दाखवून थांबतो, ओरा-१२८९९. पण काउंटरवर रांग असताना थांबलेल्या पडद्यासमोरचा कारकून काय करणार? नाव तोच आखडणार. आणि एकदा आखडलेलं नाव रकाना वाढवून परत येत नाही.

चाचांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तो सभासद पूर्वीच वारला होता. ठेव बायकोच्या नावे वारस लावलेली. यादीत नाव अर्धं, मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण, रेशनकार्डावर तिसरंच. ‘ही तिन्ही नावं एकाच माणसाची’ असं प्रतिज्ञापत्र करून आणा, म्हणून तिला परत पाठवलं. ती बाई शेतमजूर. रोज बुडवून तालुक्याला तीन खेटे घातले तिनं. चाचा म्हणाले, ‘‘कागद मी तपासला होता. तिचं काही खोटं नव्हतं. रकाना छोटा होता.’’

आम्ही आबांना सांगितलं, हे झाल्याशिवाय डेटाबेस बनवणार नाही. आबांचा मुहूर्त ठरलेला, आमदार येणार होते. ते चिडले. ‘‘मशीन हाय का नवरी हाय? तीन दिस झालं सजवताय.’’ चाचांनी ती यादी त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि एका ठिकाणी थांबले. तिथं त्यांच्या आईचं नाव होतं, ‘लक्ष्मीबा’. मग पुण्याला फोन त्यांनीच केला. ती भाषा इथं छापता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत सुधारलेले तक्ते आले. नावाचा रकाना शंभराचा, आणि शंभर बाइट नव्हे, शंभर अक्षरं, असं रकान्यातच स्पष्ट लिहिलेलं. जुनी यादी सरळ भरायची नाही, शाखेशाखेत नावं कागदपत्रांवरून पुन्हा लिहून घ्यायची, हेही ठरलं. त्यासाठी नियम हवेत, म्हणून रात्री चाचांबरोबर बसलो. ‘कुऱ्हाडे’तला ऱ्हा दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला एकच, यंत्राला दोन. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. तीच गत नुक्त्याची. ‘नवाज़’ जोडाक्षरासारखा एकसंध टंकला तर वेगळा, ज आणि खाली टिंब असा टंकला तर वेगळा. आमच्यातला एक म्हणाला, नुक्ता राहू द्या, नाव आहे माणसाचं. चाचांनी मान हलवली. ‘‘सातबारावर नुक्ता नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही. मराठीत ‘नवाज’. बोलताना आपण नीट बोलूच की.’’ वाद झाला थोडा, पण कागदपत्रांशी जुळणं महत्त्वाचं, म्हणून चाचांचं ठेवलं. टंकलेलं प्रत्येक नाव साठवण्याआधी एकाच रूपात आणायचं, हे पुण्याकडून लिहून घेतलं.

एक परीक्षा राहिली होती. यंत्र चालू असताना आम्ही चारांतली एक डिस्क ओढून बाहेर काढली, आणि एक वीजवायर उपटली. आबा खुर्चीतून उठले. नारिंगी दिवा लागला, यंत्र चालतच राहिलं. डिस्क परत घातली, दोन-तीन तासांत ती भरून आली.

मग डेटाबेस बनवला. रिकाम्या तक्त्यात पहिली नावं चाचांनी सांगितली, आम्ही टंकत गेलो. एका नावापाशी आमच्यातल्यानं सवयीनं ‘अ.’ लिहून पुढं जायला हात उचलला, तेव्हा चाचा मागून म्हणाले, ‘‘पूरा लिखो बाबा, जगा है अब.’’